रंगांपलीकडील मौन

वासुदेव संतू गायतोंडे यांच्या चित्रांचे सिंहावलोकनी प्रदर्शन न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात २४ ऑक्टोबर २०१४ रोजी उघडले, तेव्हा चित्रकाराला जाऊन तेरा वर्षे झाली होती. आदल्याच वर्षी डिसेंबरात मुंबईच्या लिलावात त्यांच्या एका चित्राला तेवीस कोटींहून अधिक किंमत आली होती आणि त्या आकड्याचा गलबला अद्याप शमलेला नव्हता. चित्रापेक्षा त्याची किंमतच अधिक पाहिली जावी, हे दुर्दैव या अबोल माणसाच्या वाट्याला यावे, ही विपरीतच गोष्ट म्हणावयाची.

गायतोंडे घराणे गोमंतकातले. वासुदेवांचा जन्म १९२४ साली नागपुरास झाला आणि ते वाढले गिरगावच्या चाळीत. १९४८ साली त्यांनी जे. जे. कलाशाळेची पदविका घेतली. आरंभीच्या चित्रांतून माणसे दिसत. पुढे ती हळूहळू विरली आणि उरला केवळ रंग, प्रकाश व अवकाश. आपल्या कलेला 'अमूर्त' म्हटलेले मात्र त्यांना रुचत नसे. 'वस्तुनिरपेक्ष' हा शब्द त्यांना जवळचा वाटे. योगायोग असा की, १९३९ साली स्थापन झालेल्या गुगेनहाइमचे मूळ नावच 'वस्तुनिरपेक्ष चित्रकलेचे संग्रहालय' असे होते!

त्यांच्या कामाची रीत तरी किती निराळी! कुंचल्याऐवजी रूळ आणि रंगपट्टीची सुरी यांनी ते तैलरंगाचा पातळ थर पसरीत, तो खरवडीत, पुन्हा दुसरा चढवीत. कधी कागदाचे फाटके तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलीत. मग खालच्या थरांतला प्रकाश पाण्याच्या तळातून यावा तसा वर येई. वर्षाकाठी चित्रे होत ती जेमतेम पाच-सहा. उरलेला काळ आळसात जात नसे. पाहण्यात आणि थांबण्यात जाई. झेन विचाराचा त्यांना ओढा होता, तो येथे कामी आला असावा.

१९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते याच न्यूयॉर्कला आले होते. १९७२ नंतर दिल्लीत त्यांनी जवळजवळ एकांतवासच पत्करला. १९८४ च्या अपघाताने मोठे फलक काही वर्षे दुरावले, तेव्हा कागदावर शाईची लहान रेखाटने झाली. २००१ साली ते निवर्तले, तेही फारसा गाजावाजा न होता.

न्यूयॉर्कचे प्रदर्शन फेब्रुवारी २०१५ मध्ये संपले आणि त्याच वर्षी व्हेनिसला गेले. तेथेही बहुतेक चित्रांखाली नाव नव्हते. होते ते केवळ साल.