भक्षकभय, कृंतकांतील

मांजर, कोल्हा, घुबड अशा भक्षकाची चाहूल लागताच उंदरासारख्या कृंतक प्राण्यांत जागी होणारी उपजत भीती आणि तिच्यातून घडणारे बचावाचे वर्तन. कित्येक पिढ्या प्रयोगशाळेत वाढलेला, मांजर कधीच न पाहिलेला उंदीरही मांजराच्या वासाने दबकतो. ही भीती त्याला शिकावी लागत नाही.

हवाई विद्यापीठातील रॉबर्ट व कॅरोलिन ब्लँचर्ड या दांपत्याने या वर्तनाचा क्रम बारकाईने नोंदवला. निसटायला वाट असली तर उंदीर पळतो, नसली तर जागीच थिजतो. भक्षक अगदी अंगाशी आला की उलटून चावतो.

वासाची वर्दी नाकातील व्होमेरोनेझल अवयव देतो. मांजराच्या लाळेतील एक प्रथिन त्याला उद्दीपित करते, असे 2010 मध्ये दिसून आले. तिथून संदेश मेंदूतील अमिग्डालाच्या मध्यरेषेकडील केंद्रकात व पुढे हायपोथॅलॅमसमध्ये जातो. या भीतीचा खरा कणा हायपोथॅलॅमसच. साओ पाउलोचे न्यूटन कँतेरास यांनी हायपोथॅलॅमसमधील तीन केंद्रकांची एक साखळी दाखवली. तिच्यातील प्रीमॅमिलरी केंद्रकाचा पृष्ठीय भाग निकामी केल्यावर उंदीर मांजरासमोरही ना थिजले, ना पळाले (1997). विजेच्या झटक्यानंतरचे त्यांचे थिजणे मात्र फारसे बदलले नाही. झटक्याच्या सूचनेला घाबरायला शिकण्याचे काम अमिग्डालाच्या पार्श्व व केंद्रीय भागांकडे असते. भक्षकाच्या भीतीची वाट वेगळी. म्हणून अमिग्डालाला सरसकट ‘भीतीचे केंद्र’ म्हणणे चुकीचे आहे.

या वाटा मध्यमेंदूतील जलवाहिनीभोवतीच्या करड्या द्रव्यात उतरतात. त्याच्या वरच्या भागातून पळण्याची, खालच्या भागातून थिजण्याची क्रिया चालते. आकाशातून झेपावणाऱ्या पक्ष्यासाठी सोय निराळी आहे: डोक्यावरच्या पडद्यावर काळी चकती झपाट्याने मोठी होत गेली, की उंदीर आडोशाला धावतो किंवा थिजतो (2013). हा इशारा मध्यमेंदूच्या छतातील ऊर्ध्व कॉलिक्युलसमधून त्याच करड्या द्रव्यात पोचतो.

टॉक्सोप्लाझ्मा गोंडी हा परजीवी या भीतीला सुरुंग लावतो. ऑक्सफर्डमधील संशोधनात (2000) बाधित उंदीर मांजराच्या वासाची जागा टाळेनासे झाले. हे परजीवीच्या पथ्यावर पडते, कारण त्याचे लैंगिक प्रजनन केवळ मार्जारकुळातील प्राण्यांच्या आतड्यातच होते.