आडरानातील वाहनोद्धार

आडरानातील वाहनोद्धार : पक्का रस्ता नसलेल्या मुलखात चिखल, वाळू, दगडगोटे, नदीपात्र किंवा घळ यांत अडकलेले वाहन, माणसांना इजा न होता व वाहनाचे नुकसान न होता, पुन्हा चालते करण्याच्या तंत्रास वाहनोद्धार म्हणतात. त्यासाठी लागणारे दोर, कप्प्या, उच्चालक, चरख्या इ. साधनांचाही यात समावेश होतो. खानदेशातील यावल (जि. जळगाव) परिसरात या तंत्राचे तीन टप्पे दिसतात : बैलांच्या ओढीचा, जीपचा आणि ट्रॅक्टर व लवचिक दोरांचा. प्रत्येक टप्प्यात ओढणारी शक्ती वाढली; तिच्याबरोबर दोरात साठणारी ऊर्जा व तीपासून संभवणारा धोकाही वाढला. त्यामुळे या तंत्राचा इतिहास हा बऱ्याच अंशी सुरक्षिततेच्या नियमांचाही इतिहास आहे.

भूमी व अडथळे : यावल तालुक्याच्या उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस तापी नदी आहे. या दोहोंमधील अरुंद प्रदेशात तीन वेगवेगळे पट्टे आढळतात. तापीकाठी गाळाची खोल जमीन असून पावसाच्या पाण्याने तीत उभ्या कडांच्या घळी पडल्या आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशी नद्यांनी वाहून आणलेल्या दगडगोट्यांचा व वाळूचा पट्टा असून भूवैज्ञानिक त्यास बझाडा म्हणतात. त्यापलीकडे चढउताराच्या जंगलवाटा लागतात. सुकी, मोर इ. नद्या उन्हाळ्यात रोडावतात. परंतु डोंगरात पाऊस झाल्यावर त्यांना अल्पावधीत पूर येतो.

सखल भागातील काळ्या मातीत फुगणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. ही माती कोरडी असताना कठीण असते व तिला भेगा पडतात. ओली झाल्यावर ती फुगते, निसरडी होते आणि चाकास चिकटते. चाकावरील खाचा मातीने भरल्या की चाक गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरू लागते व स्वतःच स्वतःसाठी खड्डा खणते. रुतलेले वाहन वेग वाढवून निघत नाही, उलट अधिक रुतते, याचे कारण हेच होय.

बैलगाडीचा काळ : यावल पूर्वी नीळ व जाडाभरडा देशी कागद यांसाठी प्रसिद्ध होते. १८६० नंतरच्या दशकात लोहमार्ग भुसावळपर्यंत आल्यावर या भागातील कापूस व धान्य गाड्यांतून स्थानकाकडे जाऊ लागले. यावल तापीच्या उत्तरेस व भुसावळ दक्षिणेस असल्यामुळे नदीपात्र ओलांडणे क्रमप्राप्त होते. जड मालाची वाहतूक म्हणून मुख्यत्वे पावसाळ्यानंतरच होत असे. पाऊस पडून गेल्यावर जमीन वाफशावर येईपर्यंत थांबणे हा वाहनोद्धाराचा सर्वांत जुना व सर्वांत कमी खर्चाचा उपाय होय.

गाडी रुतलीच तर प्रथम माल उतरवीत. नंतर चाकापुढील माती खणून उतार करीत आणि चाकाखाली दगड, पऱ्हाट्या किंवा तुराट्या घालीत. पहारीच्या तरफेने आस उचलून धरीत व पुढे बैलांची आणखी एक जोडी जुंपीत. बैलजोडी दीर्घकाळ ओढत असता तिची ओढ तिच्या एकूण वजनाच्या सु. एक-दशांश असते, थोड्या वेळापुरती ती याच्या काही पट होऊ शकते. ही ओढ मर्यादित व संथ असल्याने चऱ्हाट तुटले तरी सहसा जीवघेणा आघात होत नसे. ओझे कमी करणे, अडथळा दूर करणे, चाकाला आधार देणे आणि मगच ओढणे, हा क्रम आजही शास्त्रशुद्ध मानला जातो.

जीपचा प्रवेश : दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी बनविलेल्या जीपने आडरानातील वाहतुकीचे स्वरूप पालटले. विलीज व फोर्ड या कंपन्यांनी १९४१–४५ या काळात अशी सहा लाखांहून अधिक वाहने तयार केली. इंजिनाची शक्ती चारही चाकांना देण्याची सोय व कमी वेगात अधिक ओढ देणारे गतिचक्र ही तिची वैशिष्ट्ये होत. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने आयात केलेल्या सुट्या भागांची जोडणी करून मुंबईत जीप तयार करण्यास प्रारंभ केला. पुढे वन, महसूल, आरोग्य इ. खात्यांची ती नेहमीची गाडी झाली आणि सातपुड्यातील तडवी, पावरा इ. आदिवासींच्या दुर्गम वस्त्यांपर्यंत वर्षातील बराच काळ मोटार पोहोचू लागली. जबलपूर येथे सैन्यासाठी बनविलेली जोंगा व १९८५ मध्ये बाजारात आलेली मारुती जिप्सी ही याच परंपरेतील पुढील वाहने होत.

चारही चाकांना शक्ती मिळाली, तरी मातीची पकड वाढत नाही. वाहन अधिक आत जाऊन अडकते एवढेच. म्हणून जीपबरोबर उद्धाराची साधनेही विकसित झाली. राल्फ बॅग्नॉल्ड या ब्रिटिश अधिकाऱ्याने लिबियाच्या वाळवंटातील प्रवासांत टायरमधील हवा कमी करणे व चाकाखाली पोलादी पन्हळी घालणे हे उपाय वापरले. हवा कमी केल्याने टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांबतो व जमिनीवरील दाब घटतो. तापीच्या वाळूत हा उपाय गुणकारी ठरतो. चिकट काळ्या मातीत मात्र त्याचा उपयोग मर्यादित असतो. विंच म्हणजे दोर गुंडाळणारी यांत्रिक चरखी. ती प्रथम इंजिनाच्या शक्तीवर व पुढे विजेवर चालू लागली. दोर मोकळ्या कप्पीतून फिरवून परत वाहनास बांधल्यास घर्षण वगळता ओढ दुप्पट व वेग निम्मा होतो.

दोर व संचयित ऊर्जा : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नायलॉनचे ताणले जाणारे पट्टे व दोर प्रचारात आले. ओढणारे वाहन पुढे जाताना असा दोर ताणला जातो, त्यात ऊर्जा साठते व नंतर रुतलेल्या वाहनास ती हलकेच बाहेर खेचते. दोन टन वजनाचे वाहन ताशी १० किमी. वेगाने जात असता त्याची गतिज ऊर्जा सु. ७,७०० जूल असते. एक क्विंटल ओझे सु. ८ मी. उंच उचलण्यास ती पुरेशी आहे. वेग दुप्पट केल्यास ऊर्जा चौपट होते. दोर किंवा त्याची कडी तुटल्यास ही ऊर्जा सुटलेल्या तुकड्यास मिळते व तो गोफणीतील दगडाप्रमाणे फेकला जातो. ट्रेलर जोडण्याच्या लोखंडी गोळ्यास दोर अडकविल्याने तो गोळा निखळून माणसे दगावल्याच्या घटना परदेशांत घडल्या आहेत. साखळी किंवा तारेचा दोर फारसा ताणला जात नाही. त्याला हिसका दिल्यास आघात थेट जोडावर येतो. म्हणून हिसक्यासाठी साखळी कधीही वापरू नये.

सुरक्षित पद्धती : (१) दोर, कडी व वाहनावरील ओढीचा आकडा या सर्वांची क्षमता अपेक्षित ओढीपेक्षा पुरेशी अधिक असावी; सर्वांत दुबळा दुवा हीच साखळीची ताकद होय. (२) ओढ सुरू असता चालकांखेरीज सर्वांनी दोराच्या लांबीच्या किमान दीडपट अंतरावर थांबावे. ताणलेला दोर ओलांडू नये. (३) दोराच्या मध्यावर जड गोणपाट किंवा घोंगडी टाकावी. दोर तुटल्यास त्याची उसळी काही अंशी कमी होते. (४) तारेचा दोर हाताळताना हातमोजे वापरावेत व चरखीवर त्याचे किमान पाच वेढे शिल्लक ठेवावेत. (५) झाडाचा आधार घेताना बुंध्याशी रुंद पट्टा गुंडाळावा. नुसत्या तारेने साल कापली जाऊन झाड मरते. (६) उच्चालकाखाली रुंद फळी ठेवावी व केवळ त्यावर तोललेल्या वाहनाखाली शिरू नये. (७) एकाच व्यक्तीने इशारे द्यावेत.

ट्रॅक्टरचा टप्पा : यावल व रावेर तालुके केळीच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध आहेत. केळीची तोडणी पावसाळ्यातही चालते व घड फार काळ थांबू शकत नाहीत. म्हणून वाफशाची वाट पाहण्याचा जुना उपाय येथे अपुरा पडतो. शेतरस्त्यावर रुतलेली मालमोटार ओढण्यास बहुधा ट्रॅक्टरच बोलाविला जातो. त्याच्या मागील आसापेक्षा उंच जागी दोर बांधल्यास व मालमोटार न हलल्यास चाकांऐवजी ट्रॅक्टरचा पुढील भागच वर उचलला जातो. एक-दीड सेकंदात ट्रॅक्टर मागे उलटून चालक त्याखाली चिरडला जातो. यास्तव दोर नेहमी आसाच्या खाली असलेल्या ओढदांड्यालाच बांधावा, क्लच हळू सोडावा आणि मालमोटारीतील माल आधी उतरवावा.

अभयारण्यातील मर्यादा : यावल व रावेर तालुक्यांतील सातपुड्याचा सु. १७७ चौ. किमी. प्रदेश १९६९ मध्ये यावल अभयारण्य म्हणून घोषित झाला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यातील प्रवेशास परवानगी लागते. वाट सोडून वाहन नेणे तेथे योग्य नव्हे. ओल्या जमिनीवर उमटलेल्या चाकोऱ्यांतून पुढील पावसाचे पाणी वाहते व उतारावर त्यांच्या घळी बनतात. वाहन निघाल्यावर खणलेले खड्डे बुजविणे व घातलेले दगड बाजूस करणे हा वाहनोद्धाराचाच भाग समजला जातो. अन्यथा पाठीमागून येणारी गाडी त्याच जागी रुतते.