अकरा दिवस आधी

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी बसवलेली आहे. या गावातून महायुद्धावर इतके गेले, त्यांतले इतके कामी आले. साल १९१४ ते १९१९. नाव एकाचंही नाही.

महायुद्धाचं कारण 'साराजेव्हो' असं लिहून मी शाळेत पुरे गुण मिळवले होते. २८ जून १९१४, ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून. पाटीसमोर उभं राहिल्यावर ते उत्तर अपुरं वाटू लागलं. त्या युवराजासाठी आपल्याकडची माणसं बसऱ्याला कशाला गेली?

त्या खुनाच्या अकरा दिवस आधी, १७ जूनला, चर्चिलनी ब्रिटिश संसदेत एक प्रस्ताव मांडला : अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचे निम्म्याहून जास्त शेअर सरकारनं घ्यावेत. तो मंजूर झाला. नव्या युद्धनौका तेलावर चालणार होत्या. इंग्लंडात कोळसा मुबलक, पण तेल इराणात, आणि त्याचा कारखाना आबादानला. नदीपलीकडे तुर्कांचं राज्य. त्यात जर्मन लोक बगदादकडे रेल्वे टाकत होते, त्याची धास्ती वेगळीच.

१६ ऑक्टोबरला पुणे डिव्हिजनची एक ब्रिगेड मुंबईहून निघाली. तिच्यात ११७वी मराठा पलटण होती. तुर्कस्तान तेव्हा युद्धात उतरलंही नव्हतं! केवळ तेलासाठीच हे झालं, असं मी म्हणणार नाही. आखातातल्या अरब शेखांवर वचक ठेवणं हाही हेतू होताच. पण शत्रू ठरण्याआधी फौज निघाली, हे खरं.

नोव्हेंबरात बसरा पडलं, तेल सुरक्षित झालं. माझ्या मते तिथंच थांबायला हवं होतं. पण बगदादचा मोह सुटेना. वर्षभरानं टेसिफॉनला मार खाऊन जनरल टाउनशेंड कूतला मागे आले आणि ७ डिसेंबर १९१५ पासून तिथं अडकले. धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापले. हिंदी शिपाई ते मांस खाईनात. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी मागवली, तरी बरेच जण एप्रिलपर्यंत अडून राहिले. गावी कळलं तर जातीबाहेर टाकतील, सोयरीक जमणार नाही, ही भीती. तोफांपेक्षा ती मोठी असावी. रक्तपितीनं हिरड्या सुजल्या, माणसं खंगली.

२९ एप्रिल १९१६ला सुमारे १३,००० जण शरण गेले. टाउनशेंडना इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपायांना वाळवंटातून हाकलत नेलं. कित्येक वाटेतच मेले. उरलेल्या हिंदी कैद्यांपैकी अनेकांना रास-अल-ऐनला कामाला जुंपलं. काम कसलं, तर त्याच बगदाद रेल्वेचं.

या मोहिमेच्या चौकशीचा अहवाल १९१७ साली आला, तेव्हा हिंदुस्थान सरकारची पुरती नाचक्की झाली. भारतमंत्री चेंबरलेननी राजीनामा दिला, त्यांच्या जागी माँटेग्यू आले आणि २० ऑगस्टला त्यांनी टप्प्याटप्प्यानं जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. ही घोषणा म्हणजे आपल्या राजनिष्ठेचं बक्षीस, असं मला शिकवलं होतं. कूतचा उल्लेखही नव्हता.

पाटीवरचा हिशेब १९१९ला थांबतो. १९२० साली इराकी लोक ब्रिटिशांविरुद्ध उठले. ते बंड मोडायला जी फौज वापरली, तिच्यात बहुसंख्य हिंदी शिपाईच होते.