तळटीप १७ : सोरेलची मळी
१७. सोरेलची मळी : कॅनडातील क्वेबेक प्रांतात, सेंट लॉरेन्स नदीकाठच्या सोरेल येथे १९५० पासून इल्मेनाइट हे खनिज कोळशासह विजेच्या भट्टीत वितळवतात. लोखंड तळाशी जाते, वर तरंगते ती मळी, म्हणजेच स्लॅग. लेखक तिला ‘भट्टीचा कचरा’ म्हणतात, ते तितकेसे खरे नव्हे. तिच्यात सुमारे ८० टक्के टायटॅनियम डायऑक्साइड असतो. दळलेली मळी तीव्र गंधकाम्लात विरघळवून, द्रावण उकळून पांढरा साका पाडतात; तो धुऊन सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजला की रंगाची पूड मिळते. मळीत लोह थोडेच उरलेले असल्याने, थेट इल्मेनाइट वापरताना मागे राहतात तसे हिराकसाचे ढीग इथे साचत नाहीत.