फ्रेंचांनी लिहिलेली सुरत



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे ऋण मनात धरून मी विषयाकडे वळतो. जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाने फ्रेंच ग्रंथांविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. मला फ्रेंच येत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. हे ग्रंथ मी इंग्रजी भाषांतरांतून वाचले. पण सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला या ग्रंथांकडे कधी ना कधी जावेच लागते, आणि ते का, हे सांगण्यासाठीच मी उभा आहे.

कतारगाम दरवाज्यापाशी गेलात, तर इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांच्या घुमटदार कबरी दिसतात. आपल्या संपत्तीची आणि दिमाखाची साक्ष त्यांनी दगडचुन्यात ठेवली. फ्रेंचांची तशी नजरेत भरणारी खूण या शहरात नाही. त्यांची कंपनी १६६४ साली स्थापन झाली आणि १६६८ मध्ये फ्रान्स्वा कारोंच्या पुढाकाराने सुरतेत तिची वखार उघडली. पुढे कारभाराचे केंद्र पाँडिचेरीस गेले, येथील व्यापार कर्जात बुडाला आणि वखार नावापुरती उरली. १९४७ च्या ऑक्टोबरात फ्रान्सने ती जागाही भारताच्या स्वाधीन केली. व्यापारात फ्रेंच हरले खरे, परंतु त्यांनी मागे ग्रंथ ठेवले. आपल्या शहराचे सतराव्या शतकातील रूप आज डोळ्यांपुढे उभे राहते, त्याचे मोठे श्रेय या ग्रंथांना आहे.

तावर्निए हा जवाहिऱ्या. त्याचा ग्रंथ १६७६ मध्ये प्रसिद्ध झाला. हिऱ्यांची पारख करणारी त्याची नजर घरांवरही तशीच फिरते. एवढ्या श्रीमंत बंदरात चांगली बांधलेली घरे नऊ-दहाच आहेत, बाकीची बोरूच्या कुडांची आणि शेणामातीने लिंपलेली आहेत, असे तो नोंदवतो. थेवनो जानेवारी १६६६ मध्ये सुरतेस उतरला. जकातनाक्यावरची कसून झडती, किल्ला, गोपी तलाव, वजने-मापे आणि नाणी हे सारे तो एखाद्या चौकस विद्यार्थ्यासारखा टिपून घेतो. मातीचा पडका कोट जाऊन विटांचा नवा कोट उठत असलेला त्याने पाहिला. विरजी व्होरा या सावकाराला तो आपला मित्र म्हणतो आणि त्याची संपत्ती निदान ऐंशी लाखांची असल्याचे सांगतो. परतीच्या वाटेवर १६६७ मध्ये इराणात त्याचा अंत झाला. त्याचा हिंदुस्थानविषयक भाग त्याच्या पश्चात १६८४ मध्ये छापला गेला.

तो विटांचा कोट का उठत होता, हे या सभेत सांगावयास नको. शायिस्ताखानाने पुण्यात तळ दिला, स्वराज्याचा मुलूख उजाड झाला, आणि त्याची भरपाई मोगलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून करण्यासाठी शिवाजी महाराज जानेवारी १६६४ मध्ये सुरतेवर आले. १६७० च्या ऑक्टोबरात ते पुन्हा आले. मराठी मनाला ही पराक्रमाची गाथा आहे. सुरतेच्या मनात मात्र ती वेगळ्या रीतीने साठून राहिली आहे. येथे राहून मराठी शिकवणाऱ्याला या दोन स्मृतींच्या मध्येच उभे राहावे लागते.

येथे मला माझ्या एका दोषाची कबुली द्यावयाची आहे. अनेक वर्षे मी वर्गात बर्निएचा दाखला देत असे. फ्रान्स्वा बर्निए हा वैद्य. त्याचा ग्रंथ १६७०-७१ मध्ये निघाला. सुरतेच्या स्वारीत महाराजांनी कापुचिन पंथाच्या फादर आंब्रोआझ यांच्या मठाला धक्का लावला नाही, आणि डचांच्या एका मृत दलालाचे घर, तो हयातीत दानशूर होता म्हणून सोडून दिले, असे बर्निए सांगतो. परकीयाने दिलेली ही साक्ष मी अभिमानाने ऐकवीत असे. एकदा वर्ग सुटल्यावर एक गुजराती विद्यार्थी मागे थांबला. त्याने ग्रंथालयातून तोच ग्रंथ काढून आणला होता. त्याने अत्यंत नम्रपणे विचारले, "सर, याच्या आधीची वाक्येही आपण वाचली असतीलच ना?" त्या वाक्यांत, लपवलेले धन काढून घेण्यासाठी लोकांना यातना दिल्याचे आणि नेता येईना ते जाळल्याचे बर्निए लिहितो. मी ती वाचली होती. सांगितली मात्र नव्हती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. विद्यार्थ्याने माझ्या दैवताचा अवमान केला, असे मला वाटले नाही. उलट, निम्मी साक्ष सांगून मीच साक्षीदाराला खोटे पाडले होते, ही जाणीव मला सलत राहिली. मग मी हे ग्रंथ पुन्हा आरंभापासून वाचावयास घेतले आणि एक साधी गोष्ट माझ्या ध्यानी आली. १६६४ ची स्वारी यांपैकी कोणीही डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. बर्निए तेव्हा सुरतेत नव्हता. थेवनो दोन वर्षांनी आला. अ‍ॅबे कारे त्याच्याही नंतर आला. त्याने महाराजांची गणना जगातील थोर सेनानींत केली आणि त्यांचा वृत्तान्त १६९९ च्या आपल्या ग्रंथात दिला. मग हे सर्वजण लिहितात ते कोणाचे? सुरतेच्या बाजारात, मठात, सावकारांच्या पेढीवर जे बोलले जात होते, तेच ते लिहितात. महाराज स्वतः फकिराच्या वेषात येऊन शहर हेरून गेले, असे थेवनो सांगतो. आपल्या परंपरेत ती कामगिरी बहिर्जी नाईकांची आहे. थेवनोची कथा इतिहास म्हणून टिकणार नाही, पण भयचकित झालेले शहर आपल्या शत्रूला कसे पाहत होते, हे तिच्यातून स्पष्ट दिसते. ज्याच्या वाड्याची त्या स्वारीत लूट झाली, तो विरजी व्होरा थेवनोचा मित्र होता, हेही विसरून चालणार नाही.

म्हणजे लेखणी फ्रेंच असली, तरी या ग्रंथांतील आवाज सुरतेचा आहे. त्या आवाजात भय आहे, नुकसानीचा हिशेब आहे, आणि शत्रूने दाखवलेल्या संयमाची प्रामाणिक नोंदही आहे. लुटल्या गेलेल्या शहरानेच मठ आणि दानशूर दलालाचे घर वाचल्याची आठवण जपली, म्हणून तर ती बर्निएपर्यंत पोहोचली. पूर्ण साक्ष वाचल्याने महाराज लहान होत नाहीत. सुरतेचे लोक मात्र आपल्याला प्रथमच माणसे म्हणून दिसू लागतात.

ग्रंथ कसा वाचावा, याचा वस्तुपाठही याच शहरात घडला आहे. १७५४ साली पॅरिसमध्ये आंकेतिल द्युपेराँ या तरुणाने पारशी धर्मग्रंथाच्या चार पानांची नक्कल पाहिली आणि तो हिंदुस्थानास निघाला. गोव्याहून मराठी मुलखातून प्रवास करीत १७५८ मध्ये तो सुरतेस पोहोचला. त्या मुलखातील साधेपणा आणि आतिथ्य पाहून आपण सुवर्णयुगात आल्यासारखे वाटले, असे त्याने लिहून ठेवले आहे. सुरतेत दस्तूर दाराब यांच्यापाशी बसून तो शिकला. गुरूने दिलेली पोथी त्याने दुसऱ्या पोथीशी ताडून पाहिली, तेव्हा तफावत आढळली. तो रागावला, भांडला, पण शिकणे सोडले नाही. १७६२ मध्ये एकशे ऐंशी हस्तलिखिते घेऊन तो पॅरिसला परतला आणि १७७१ मध्ये त्याने अवेस्ताचे फ्रेंच भाषांतर तीन खंडांत प्रसिद्ध केले. पूर्वेकडे सारी निरंकुश राजसत्ताच नांदते, कायदा आणि मालमत्तेचा हक्क तेथे नाहीच, हा युरोपातील समज त्याने १७७८ च्या ग्रंथात खोडून काढला. त्याचे नाव जगाच्या विद्वत्तेत राहिले. दस्तूर दाराबांचे नाव आपल्या सुरतेतही किती जणांना ठाऊक आहे?

आज सुरतेत महानगरपालिकेच्या मराठी शाळा आहेत. खानदेशातून यंत्रमागांवर आलेल्या कुटुंबांची मुले तेथे शिकतात. शिवचरित्र ती मराठीतून वाचतात, आणि खेळतात मात्र विरजी व्होराच्या गावातील मुलांबरोबर. त्यांना निम्मी साक्ष देऊन चालणार नाही. शिक्षक मित्रांना माझी एवढीच विनंती आहे की, बर्निए शिकवाल तेव्हा आधीची वाक्येही वाचा, आणि नंतरचीही गाळू नका.

तो विद्यार्थी पुढे स्वतः शिक्षक झाला. वर्गातील माझी टिपणे मी त्याला दिली आहेत. त्यांच्या समासात त्या दोन वाक्यांची भर मी माझ्याच हाताने घातलेली आहे.