चट्टा आणि कायदा

कुष्ठरोगाचा आरंभ बहुधा अंगावरील एखाद्या फिकट चट्ट्याने होतो. तो खाजत नाही, दुखत नाही. तेथील संवेदना मात्र हळूहळू हरपते. वेळीच उपचार झाल्यास हातापायांस व्यंग येण्याचा प्रसंग सहसा टळतो. मग रोगी चट्टा लपवीत का आला? अज्ञानामुळे, हे उत्तर सोपे आहे. परंतु ज्यांचा जन्म सरकारी कागदांत जातो त्या आम्हां कारकुनांस दुसरे उत्तर कायद्याच्या पानांतच आढळते.

१८९८ चा 'लेपर्स अ‍ॅक्ट' पाहावा. या रोगाचा जंतू नॉर्वेत हान्सेन यांनी १८७३ सालीच शोधला होता. खात्रीचे औषध मात्र नव्हते. कायद्याने बंदोबस्त केला तो रोगाचा नव्हे, दारिद्र्याचा. भीक मागणाऱ्या वा उपजीविकेचे साधन नसलेल्या रोग्यास पोलिसांनी वॉरंटावाचून पकडावे व दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाने कुष्ठाश्रमात ठेवावे, अशी त्यात तरतूद होती. सधन रोगी आपल्या घरी सुखरूप राही. सार्वजनिक विहिरीचे पाणी भरणे, खाद्यपदार्थ विकणे याही गोष्टी रोग्यास मना करण्याचा अधिकार सरकारास होता. ज्याची चूल रोजच्या कमाईवर पेटते, त्याने चट्टा दाखवावा तरी कोणास?

१९४० नंतरच्या दशकात डॅप्सोन आले. १९५५ साली राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आणि त्याच वर्षीच्या हिंदू विवाह कायद्याने 'असाध्य' कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण ठरविले. एका फायलीत उपचार, दुसरीत असाध्यता! शिवाय गोळ्या वर्षानुवर्षे घ्याव्या लागत, आणि दवाखान्याच्या प्रत्येक खेपेस मजुराचा रोज बुडे.

१९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. आज त्याने सहा महिने ते वर्षभरात रोग बरा होतो, आणि औषधे विनामूल्य मिळतात. २००५ अखेर देशातील रोग्यांचे प्रमाण दर १०,००० लोकांमागे एकाहून कमी झाले. तथापि काही राज्यांनी आधीच टाकून दिलेला १८९८ चा कायदा केंद्राने रद्द केला तो २०१६ साली. विवाहकायद्यातील ती तरतूद गेली २०१९ साली.

रद्द करण्याचे टिपण लिहिण्यास आम्हांस एक दुपार पुरते. येथे तीन तपे लोटली. तेवढ्या काळात किती जणांनी बाही खाली ओढून चट्टा झाकला, याची नोंद आमच्या कोणत्याही फायलीत नाही.