तार कुणाची, निरोप कुणाचा

महूहून बोलतोय. मागच्या भागांत आपण लढाया पाहिल्या. आजचा विषय आहे निरोप नेणारी तार आणि त्या तारेचा मालक.

मी सिग्नल्सचा माणूस. आमची कोअर 15 फेब्रुवारी 1911 रोजी उभी राहिली आणि तिचं ब्रीद आहे 'तीव्र चौकस'. आमचं दूरसंचार महाविद्यालय इथे महूलाच आहे, म्हणून निवृत्तीनंतर मी इथेच राहिलो. घराच्या माळ्याखाली, इन्व्हर्टरच्या शेजारी, एक छोटा संगणक रात्रंदिवस चालू असतो. आमचे फोटो, कागदपत्रं, दिनदर्शिका, फोन नंबर सगळं त्याच्यावर आहे. याला सेल्फ-होस्टिंग म्हणतात, म्हणजे आपली माहिती आपल्या घरच्या यंत्रावर ठेवणं. जावईबापूंनी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा हसून विचारलं, "बाबा, एवढं लपवण्यासारखं तुमच्याकडे आहे तरी काय?" उत्तर लांबलचक होतं, जेवणं उरकेपर्यंत संपलं नाही. ते आज तुम्हाला सांगतो.

सुरुवात माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांपासून. मी तेव्हा लेफ्टनंट होतो, डोंगरातल्या एका ठाण्यावर. बंकरमध्ये हाताने चालवायचं टेलिफोन एक्स्चेंज. एका चौकीवरून हँडल फिरवलं की बोर्डावरची पट्टी पडायची, ऑपरेटर प्लग लावायचा आणि दोन्हीकडून आवाज येतोय याची खात्री करायला क्षणभर ऐकायचा. काम शिकायचं म्हणून एका रात्री मीही हेडसेट लावून बसलो होतो. खालच्या तळावरच्या जवानाने वरच्या चौकीवरच्या धाकट्या भावाला जोडून मागितलं. घरून तार आली होती, आई गेली होती. वरून बराच वेळ काही आवाज आला नाही. मी ऐकतच राहिलो. शेजारचा हवालदार माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. तो हळूच म्हणाला, "साब, लाइन मिल गई. अब कान हटा लीजिए."

मी हेडसेट काढला. त्या दोघा भावांकडे लपवण्यासारखं काहीच नव्हतं. तरीही ते बोलणं माझं नव्हतं. आणि ते तसं राहिलं याचं कारण तारेची रचना नव्हे, त्या हवालदाराचा संस्कार. बोर्डावर दुसरा कुणी असता तर? हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

आता इतिहासाकडे वळू. 1870 साली समुद्राखालची तार मुंबईहून एडन, सुएझमार्गे थेट इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यापर्यंत पोचली. 1902 साली पॅसिफिक महासागरातली तार पूर्ण झाली आणि ब्रिटिश साम्राज्याचा निरोप परक्या भूमीवर पाय न ठेवता पृथ्वीप्रदक्षिणा करू लागला. नकाशावर साम्राज्याचा रंग लाल, म्हणून तिला 'ऑल रेड लाइन' म्हणत. इतर देशांना ही तार सोयीची होती. वापरा, पैसे द्या, निरोप पोचतो. शांततेच्या काळात मालक कोण याचा विचार फारसं कुणी करत नाही.

4 ऑगस्ट 1914 रोजी रात्री ब्रिटनने जर्मनीशी युद्ध पुकारलं. काही तासांतच, 5 तारखेच्या पहाटे, 'अलर्ट' नावाचं ब्रिटिश टपाल खात्याचं जहाज इंग्लिश खाडीत गेलं, समुद्रतळावर आकडे टाकून त्याने जर्मनीच्या 5 तारा वर ओढल्या आणि तोडल्या. तोफ डागायच्या आधी तार तोडली, हे लक्षात घ्या. त्या पहाटेपासून जर्मनीला अमेरिकेशी बोलायला दोनच मार्ग उरले. एक बिनतारी, जी हवेतून कुणीही पकडू शकतो. दुसरा, इतरांच्या तारा.

पुढची गोष्ट 16 जानेवारी 1917 ची. जर्मनीचे परराष्ट्रमंत्री झिमरमान यांना मेक्सिकोला गुप्त प्रस्ताव पाठवायचा होता. अमेरिका युद्धात उतरली तर मेक्सिकोने जर्मनीशी युती करावी, बदल्यात टेक्सास, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना परत मिळवायला मदत होईल. पाठवायचं कसं? अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी शांततेच्या बोलण्यांसाठी जर्मनीला अमेरिकी वकिलातीची तार वापरायची मुभा दिली होती, तीही सांकेतिक भाषेत. झिमरमान यांनी अमेरिकेविरुद्धचा प्रस्ताव अमेरिकेच्याच तारेवरून पाठवला. बर्लिनहून कोपनहेगन, तिथून लंडन आणि मग वॉशिंग्टन. लंडनमध्ये ब्रिटिश नौदलाच्या 'रूम 40' मध्ये बसलेली माणसं ही तार वाचत होती. एक-दोन दिवसांत मजकुराचा काही भाग उलगडला.

आता ब्रिटनपुढे पेच पडला. हे उघड केलं तर अमेरिका विचारणार, आमची तार तुम्ही वाचत होता काय? वाचतच होते. अमेरिका तेव्हा तटस्थ होती, मित्रच म्हणा, पण तिची तार ब्रिटिश भूमीवरून जात होती. मग मेक्सिकोच्या तारघरातून त्याच निरोपाची दुसरी प्रत मिळवली गेली आणि ती तिथेच हाती लागली असं दाखवलं. 1 मार्चला अमेरिकेच्या वर्तमानपत्रांत मजकूर छापून आला, 3 मार्चला झिमरमान यांनी स्वतःच तो खरा असल्याचं सांगितलं आणि 6 एप्रिल 1917 रोजी अमेरिका युद्धात उतरली. युद्धाला इतर कारणंही होती, पाणबुड्यांचं मोठंच. पण सिग्नल्सवाल्याने यातून घ्यायचा धडा सरळ आहे. तुमचा संकेत कितीही पक्का असो, तार दुसऱ्याची असेल तर निरोप आधी त्याच्या टेबलावर जातो.

हे राजे-मंत्र्यांचं झालं. साध्या माणसाचं काय? त्याच युद्धात 1914 च्या शरद ऋतूत हिंदी पलटणी फ्रान्सला पोचल्या. त्यांची गावाकडची पत्रं तपासायला ब्रिटिशांनी स्वतंत्र कार्यालय बसवलं. पत्रं उघडली जात, निवडक मजकुराचं इंग्रजी भाषांतर होई, अहवाल वर जाई. जवानांना हे कळत होतं, म्हणून ते आडून लिहीत. हिंदी सैनिकांना काळी मिरी म्हणायचं आणि गोऱ्यांना लाल मिरची, अशा खुणा त्या पत्रांत सापडतात. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाला हा खजिना आहे, मीही त्यातली भाषांतरं वाचली आहेत. पण वाचताना हवालदाराचं वाक्य आठवतं. बायकोला लिहिलेलं पत्र शंभर वर्षांनी मी वाचतोय, आणि ज्याने लिहिलं त्याला कुणी विचारलं नव्हतं.

तार नको, स्वतःचं संकेतयंत्र विकत घेऊ, असा विचार पुढे अनेक देशांनी केला. स्वित्झर्लंडमधली क्रिप्टो एजी ही कंपनी अशी यंत्रं विकायची. देश तटस्थ, कंपनी नावाजलेली. 120 हून जास्त देश गिऱ्हाईक. फेब्रुवारी 2020 मध्ये अमेरिकी, जर्मन आणि स्विस पत्रकारांनी मिळून उघड केलं की 1970 पासून ही कंपनी गुप्तपणे अमेरिकेच्या सीआयए आणि जर्मनीच्या बीएनडी या संस्थांच्या मालकीची होती. काही यंत्रं अशी बनवलेली की मालकांना निरोप सहज वाचता यावेत. गिऱ्हाइकांच्या यादीत भारत होता आणि पाकिस्तानही. आतली रचना दिसत नाही असं कुलूप विकत घेतलं, तर किल्ली किती जणांकडे आहे हे कळणार कसं?

2013 हे वर्षही लक्षात ठेवा. जूनमध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी पाळतीची कागदपत्रं बाहेर काढली. त्या वर्षीच्या एका मार्च महिन्यात भारतातून गोळा झालेल्या नोंदींचा आकडा 6.3 अब्ज इतका छापून आला, देशांच्या यादीत आपण पाचवे. पुढच्याच महिन्यात, जुलै 2013 मध्ये, आपल्याकडची तारसेवा बंद झाली. लोकांनी शेवटची तार पाठवायला रांगा लावल्या. जुनी तार गेली याचं आपल्याला वाईट वाटलं, पण नव्या तारेचा मालक कोण हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलं?

ताजं उदाहरण घ्या. जुलै 2025 मध्ये युरोपीय संघाने निर्बंध लावल्यावर गुजरातमधल्या वाडीनारची रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जीच्या सेवा मायक्रोसॉफ्टने थांबवल्या. कंपनी भारतात, कर्मचारी भारतात, निर्बंध ब्रुसेल्सचे. नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांत सेवा पुन्हा सुरू झाल्या. तार तोडायला आता जहाज पाठवावं लागत नाही. उलट, ज्या जर्मनीच्या तारा 1914 साली तुटल्या, तिथल्या श्लेस्विग-होल्श्टाइन या राज्याने सरकारी कामासाठी खुल्या सॉफ्टवेअरकडे जायचं ठरवलं आणि 2025 मध्ये 40,000 हून जास्त टपालपेट्या तिकडे हलवल्या.

आपल्याकडे कायद्यानेही वाट काढली आहे. 1885 च्या टेलिग्राफ कायद्याने सरकारला निरोप अडवायचा अधिकार दिला होता. तो मनमानी वापरता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली फोन टॅपिंगच्या खटल्यात बजावलं. 24 ऑगस्ट 2017 रोजी, निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर, 9 न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. लष्करी गुप्ततेत आयुष्य गेलेला माणूस म्हणून सांगतो, देशाच्या सुरक्षेसाठी काही निरोप तपासावे लागतात हे मला मान्य आहे. पण त्याला कायदा हवा, सही करणारा अधिकारी हवा आणि जाब विचारायला न्यायालय हवं.

आता माझ्या घरातल्या यंत्राकडे येतो. निवृत्तीनंतर आमच्या युनिटमधल्या वीरनारींच्या पेन्शनचे कागद मी पाहतो. पीपीओवर नाव एक, आधारवर दुसरं, असली प्रकरणं. कागदांचे फोटो मी एका मोठ्या कंपनीच्या फुकट खात्यात ठेवत असे. एका सकाळी खातं कुलूपबंद. कारण एका ओळीत, नियमभंग. कोणता नियम, ते नाही. फोन नंबर नाही, माणूस नाही, फक्त एक अर्ज. त्याच आठवड्यात सातारा जिल्ह्यातल्या एका वहिनींचा फोन आला. "साहेब, माझं कागद तुमच्याकडं हायत न्हवं? हापिसात उद्या मागितल्यात." तीस वर्षं रणांगणावर लाइन चालू ठेवणारा माणूस, आणि मला म्हणावं लागलं, "वहिनी, कागद आहेत, पण मला काढता येत नाहीत." त्यांना पुन्हा एसटीने तालुक्याला जावं लागलं, झेरॉक्स, शिक्के, सह्या सगळं नव्याने. 26 दिवसांनी खातं उघडलं, कारण तेव्हाही कळलं नाही.

मग मी छोटा संगणक, दोन डिस्क आणि लिनक्स घेऊन बसलो. त्यावर नेक्स्टक्लाउड नावाचं खुलं सॉफ्टवेअर चढवलं. खुलं म्हणजे आतली रचना कुणीही तपासू शकतो, क्रिप्टो एजीच्या उलट. अडचणी आल्या. आपल्याकडे बहुतेक ब्रॉडबँडवर अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता असतो, त्यामुळे बाहेरून घरच्या यंत्रापर्यंत पोचायला वायरगार्डचा आडमार्ग करावा लागला. वीज जाते, म्हणून इन्व्हर्टर. एकदा एक डिस्क मेली, पण प्रती होत्या म्हणून वाचलो. नियम साधा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. माझी तिसरी प्रत कुलूपबंद करून मुलीकडे पुण्याला असते.

ईमेल मात्र मी घरी ठेवली नाही. घरच्या यंत्रावरून निघालेल्या पत्रांवर मोठ्या कंपन्या विश्वास ठेवत नाहीत, ती स्पॅममध्ये पडतात. मी स्वतःच्या नावाचा पत्ता घेतला आणि पैसे भरून एका टपालसेवेकडे ठेवला. उद्या सेवा बदलली तरी पत्ता माझाच राहतो. व्हॉट्सॲपही आहे, कारण बहिणी तिथेच आहेत. सगळ्या तारा स्वतःच्या करणं कुणालाच जमत नाही. कुठली तुटली तर घर थांबेल, तेवढी ओळखायची आणि आधी ती आपली करायची. तुम्ही संगणक नका घेऊ हवं तर. या रविवारी घरातले फोटो आणि महत्त्वाचे कागद एका डिस्कवर उतरवून घ्या, तेवढी सुरुवात पुरे.

यंत्र सुरू झाल्यावर मी एक काम केलं. त्या वहिनींच्या सगळ्या कागदांची एक प्रत छापून प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घातली आणि रजिस्टर पोस्टाने त्यांना पाठवली. आता दरवर्षी सगळ्यांनाच पाठवतो. कारण त्यांच्या दृष्टीने मीसुद्धा दुसऱ्याचीच तार आहे. मी उद्या नसेन, माझी डिस्क नसेल, पण त्यांचे कागद त्यांच्या ट्रंकेत असायला हवेत.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.